झाडावर चढायच्या दोराला स्वतः स्प्लाइस घालावा का?

गडहिंग्लजकडच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. तीन वर्षं ते झाडं छाटायचं आणि उतरवायचं काम करतात, बहुतेक कोल्हापूर शहरात. यंदा पैसे साठवून त्यांनी चढायचा खास दोर घेतला, सोळा पेडी, १३ मिलीमीटरचा. टोकाला गाठ असली की दोर खाली ओढताना ती बेचक्यात अडकते, म्हणून व्हिडिओ बघून त्यांनी स्वतःच स्प्लाइस करून डोळा घालायला घेतला, म्हणजे गाठ न मारता दोराचं टोक, त्याला आम्ही शेपूट म्हणतो, दोरातच गुंतवून फास करायला. शेपूट निम्मं आत गेलं आणि अडकलं. ओढून, ठोकून कसंबसं आत बसवलं, पण गळ्यापाशी, म्हणजे डोळा जिथं मिटतो तिथं, फुगवटा राहिला. आता ते तीन गोष्टी विचारतात: हत्यार चुकलं का, या डोळ्यावर चढलं तर चालेल का, आणि कोल्हापुरात हे शिकवणारं कुणी आहे का.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सावकाश वाचता येईल. त्या डोळ्यावर चढू नका. तो आजच कापून टाका. दोर हातभर कमी होईल, पण फुगवटा राहिला याचा अर्थ आत शेपूट दुमडलंय किंवा आतले धागे गोळा झालेत, आणि यातलं नेमकं काय झालंय हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही, मलाही कळणार नाही.

सगळी अडचण इथंच आहे. स्प्लाइस घालायला शिकणं तसं अवघड नाही. हाताला वळण असलेला माणूस पंधरा दिवसांत साधा डोळा घालू लागतो. अवघड आहे ते घातलेला स्प्लाइस चांगला आहे की नाही हे ओळखणं. गाठ सगळी डोळ्यांसमोर असते. शेपूट किती राहिलंय, कुठला वेढा कुठल्यावर आलाय, हे खाली उभा असलेला माणूससुद्धा सांगू शकतो. स्प्लाइसमध्ये चूक झाली तर ती दोराच्या पोटात जाते आणि वरून दोर सुरेख दिसतो. म्हणून मी शिकणाऱ्याला पहिल्या दिवशीच सांगतो की आधीची पाच-दहा कामं घालायची आणि लगेच उभी चिरून आत बघायचं. त्याच्याइतकं दुसरं काही शिकवत नाही.

मुळात तुम्हाला स्प्लाइस हवाय कशासाठी? बरेच जण म्हणतात, गाठीनं दोराची ताकद कमी होते. होते, हे खरं. गाठ कुठली आणि दोर कुठला यावर ते ठरतं, पण तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त जाऊ शकतो, आणि चांगला स्प्लाइस जवळजवळ सगळी ताकद राखतो. पण हिशेब करून बघा. अमेरिकेत झाडकामाच्या सुरक्षेचं झेड १३३ हे मानक आहे. त्यात चढायच्या नव्या दोराची ताकद किमान ५४०० पौंड, म्हणजे सुमारे २४ किलोन्यूटन लागते (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार). गाठीनं त्यातली ४० टक्के गेली तरी १४ किलोन्यूटनच्या वर उरते. ८० किलोचा माणूस शांत लटकला तर दोरावर ०.८ किलोन्यूटन सुद्धा येत नाही. युरोपातल्या ईएन १८९१ या मानकातही ए प्रकारच्या नुसत्या दोराला २२ किलोन्यूटन आणि टोक बांधलेल्या दोराला १५ किलोन्यूटन अशी वेगवेगळी परीक्षा आहे. टोकाशी ताकद घटणार हे तिथं धरूनच चाललंय. म्हणजे नीट बांधलेली, हातानं ओढून आवळलेली गाठ माणसाच्या वजनाला भरपूर पुरते. स्प्लाइसचा खरा फायदा सोयीचा आहे. टोक बारीक राहतं, कडीतून सरकतं, बेचक्यात अडकत नाही. सोयीसाठी घालायचा असेल तर घाईचं काही कारण नाही, एवढंच मला म्हणायचंय. तुमचं हाताचं काम पक्कं होईपर्यंत कॅराबिनरला, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीला, स्कॅफोल्ड नॉट ही गाठ मारा. ती कॅराबिनरवर आवळून बसते, कॅराबिनर आडवा होऊ देत नाही, आणि दोर ढिला पडला तरी सुटत नाही. नुसती बोलाइन गाठ मात्र वापरू नका. ती ढिल्या दोरात हलून हलून सैल होते. शेपूट मागं वळवून पक्कं केलं नसेल तर माणसाच्या वजनाखाली तिच्यावर माझा विश्वास नाही.

आता तुमचं कुठं अडलं ते बघू. माझा अंदाज आहे की तुम्ही व्हिडिओ वेगळ्याच दोराचा बघितलाय. तुम्ही लिहिलंय की ‘कव्हर कोअरमध्ये आणि कोअर कव्हरमध्ये’ घालायचा प्रयत्न केला. कव्हर म्हणजे दोराचं बाहेरचं विणलेलं आवरण, कोअर म्हणजे आतला गाभा. ही रीत डबल ब्रेडची, म्हणजे विणलेल्या दोराच्या आत दुसरा विणलेला दोर असतो त्या प्रकारची. तुमच्या सोळा पेडीची ती नाही. बाहेरून दोन्ही दोर सारखेच दिसतात, दोन्हीत वर विणलेलं कव्हर असतं आणि आत काहीतरी असतं. पण कुठलाही दोर हातात घेतला की स्प्लाइसचा विचार करण्याआधी विचारायचं, की भार कुणाच्या अंगावर आहे? सोळा पेडीत जवळजवळ सगळा भार बाहेरचं जाड कव्हर उचलतं, आतला कोअर दोर गोल राहावा म्हणून भरलेला असतो. डबल ब्रेडमध्ये कव्हर आणि कोअर साधारण निम्मं निम्मं उचलतात, म्हणून तिथं दोघांनाही एकमेकांत गुंतवावं लागतं. आणि गिर्यारोहणवाले वापरतात त्या कर्नमँटलमध्ये बहुतेक भार आतल्या कोअरवर असतो, वरचं कव्हर मुख्यतः घासण्यापासून जपतं. एकाची रीत दुसऱ्याला लावली की एक तर शेपूट आत मावत नाही, नाही तर मावतं आणि ज्याच्यावर भार आहे तोच भाग अर्धवट कापला जातो. तुमचं मावलं नाही, हे चांगलं झालं.

शिकायचं असेल तर क्रम बदला. सुरुवात तिपेडी दोरानं करा. लक्ष्मीपुरीत दहा-बारा मिलीमीटरचा साधा पीळदार नायलॉन दोर मिळतो, तो पंधरा-वीस मीटर आणा. मी तिपेडीवर शिकलो ते कागलजवळच्या एका म्हाताऱ्या बाबांकडून. बेंदराच्या आधी महिनाभर ते घायपाताचा वाख आणि अंबाडी घेऊन दावी आणि कासरे वळायचे. मी त्यांच्याकडे नायलॉनचा दोर घेऊन गेलो, तर त्यांनी तो बोटांत फिरवून बघितला आणि म्हणाले, ‘ह्यो लई गुळगुळीत हाय, ह्येला जास्त गुंतवाय लागंल.’ त्यांनी कुठलंही पुस्तक बघितलेलं नव्हतं, पण पुस्तकातही तेच आहे. वाखासारख्या नैसर्गिक दोराला तीन वेळा गुंतवलं की पुरतं, नायलॉन-पॉलिएस्टरला निदान पाच वेळा गुंतवावं लागतं, कारण धागा निसरडा असतो.

बाबांची रीत सांगतो. बारा मिलीमीटरच्या दोराचं टोक वीतभरापेक्षा थोडं जास्त उसवायचं. तिन्ही पेडांच्या टोकांना चिकटपट्टी, आणि उसवणं जिथं थांबलं तिथं सुतळीचे दोन वेढे. डोळ्याचं माप घ्यायचं. मग उभ्या दोराला थोडा उलटा पीळ देऊन फट उघडायची आणि मधला पेड एका पेडाखालून पिळाच्या आडवा घालायचा. त्याच्या डावीकडचा पुढच्या पेडाखालून. मग सगळं उलटं करून तिसरा पेड उरलेल्या पेडाखालून, आणि हा घालताना सगळे चुकतात, कारण दोर पालटल्यावर दिशा उलटी वाटते. तपासायचं कसं? तीन फटी, प्रत्येक फटीतून एकच पेड बाहेर आलेला दिसला पाहिजे. एका फटीतून दोन निघाले असले तर उसवा आणि पुन्हा करा. पुढं एकावरून, एकाखालून. प्रत्येक फेरीनंतर तिन्ही पेड सारख्या जोरानं आवळायचे. एक जरी ढिला राहिला तरी भार उरलेल्या दोघांवर जातो.

माझे पेड आत जाईपर्यंत चपटे व्हायचे, धागे विस्कटायचे. बाबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, ‘पेड मोकळा कर, पन त्येचा पीळ घालवू नगंस.’ प्रत्येक वेळी पेड आत घालण्याआधी त्यांचा अंगठा आणि तर्जनी त्याला अर्धा वेढा पीळ देत. इतक्या सवयीनं, की माझ्या लक्षात यायलाच दोन दिवस गेले. मी तो अर्धा वेढा द्यायला लागलो आणि त्या दिवसापासून माझे स्प्लाइस गोल बसायला लागले. तिपेडीचं निम्मं कौशल्य त्या अंगठ्यात आहे.

तिपेडी वीस-पंचवीस झाले की पोकळ विणीचा बारा पेडी दोर घ्या. त्यात कोअर नसतो, नुसता विणलेला नळा असतो, आणि शेपूट त्या नळ्यात सरकवायचं असतं. पायजम्याच्या नेफ्यात नाडी ओवतो तसंच. भार आला की नळा लांबतो, बारीक होतो आणि आतल्या शेपटाला आवळतो. जितकं ओढाल तितकी पकड वाढते. म्हणून शेपूट आत किती लांब गेलंय यावर सगळं अवलंबून आहे. डायनीमासारख्या निसरड्या धाग्याला व्यासाच्या ७२ पट ही सूचना सर्रास दिलेली असते, म्हणजे १० मिलीमीटरच्या दोराला ७२ सेंटीमीटर. पॉलिएस्टरला त्याहून बरंच कमी पुरतं. पण आकडा माझ्याकडून घेऊ नका, त्या दोराच्या कंपनीनं दिलेल्या कागदावरून घ्या.

इथंच माझ्या हातून चूक झाली होती, आणि ती सांगायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत मी पॉलिएस्टरच्या पोकळ दोराचा एक स्लिंग, म्हणजे बांधायचा आखूड दोर, केला होता. शेपटाची लांबी बरोबर, टोक निमुळतं केलेलं, सगळं नीट. फक्त गळ्यापाशी टाके घातले नव्हते. मला वाटलं, ओढल्यावर आवळतोच आहे, टाके कशाला? तो स्लिंग आठवडाभर टेम्पोच्या हौद्यात ढिला पडून आदळत राहिला. मग नागाळा पार्कात एका जुन्या पर्जन्यवृक्षाची फांदी उतरवायला तोच बांधला. फांदी कापून सुटली, दोरावर हिसका आला, आणि शेपूट नळ्यातून सरळ बाहेर आलं. फांदी कुंपणाच्या ग्रिलवर पडली. खालचा माणूस मी दोन मिनिटं आधी बाजूला घेतला होता, म्हणून फक्त ग्रिलवर निभावलं. नंतर शेपटावर घासल्याच्या खुणा बघितल्या. आठवडाभरात ढिल्या दोराच्या हलण्यानंच ते निम्म्याहून जास्त बाहेर सरकलेलं होतं. पोकळ विणीची पकड भार असतानाच असते. दोर ढिला आणि हलत असला की शेपूट हळूहळू बाहेर सरकतं. गळ्याजवळचे टाके त्याच वेळेसाठी असतात, भार उचलण्यासाठी नव्हे. तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्प्लाइसला टाके असतात, आणि गळ्यावर बारीक मार्करची एक रेघ असते. रेघ हलली की तो दोर कामातून बाद.

टोक निमुळतं करणं हीसुद्धा अशीच गोष्ट, दिसत नाही पण लागते. शेपूट एकदम बोथट संपलं तर बाहेरचा नळा तिथं जाडाचा एकदम बारीक होतो, त्याचे पेड त्या पायरीवर वाकतात, आणि तुटला तर दोर तिथंच तुटतो. म्हणून शेपटाचे पेड टप्प्याटप्प्यानं, उजव्या पिळाचा एक आणि डाव्या पिळाचा एक अशा जोडीनं कापायचे. एकाच बाजूचे कापले तर शेपूट वाकडं होतं.

आता तुमचा सोळा पेडी. इथं भार कव्हरवर आहे, म्हणून कव्हरचं निमुळतं शेपूट उभ्या दोराच्या कव्हरच्या आत जातं आणि त्याला जागा व्हावी म्हणून आतला कोअर काढावा लागतो. किती काढायचा, कुठून काढायचा, शेपूट किती लांब, हे कंपनीगणिक बदलतं. दोराच्या गुंडाळीबरोबर आलेला कागद जपून ठेवला असेल तर तो पहिला बघा. नसेल तर कंपनीच्या नावानं आणि दोराच्या नावानं सूचना शोधा. झेड १३३ मध्येही स्प्लाइस दोराच्या उत्पादकाच्या सूचनेप्रमाणेच घालावा असं आहे. आणि कंपनी त्या दोराला स्प्लाइस नको म्हणत असेल, तर विषय संपला.

शेपूट निम्म्यात अडकण्याची कारणं माझ्या अनुभवात तीन. एक, कोअर काढलाच नाही किंवा कमी काढला, मग एका नळ्यात दीड माणूस घुसवल्यासारखं होतं. दोन, टोक नीट निमुळतं केलं नाही. तिसरं कारण सगळ्यात जास्त दिसतं: कव्हरला ढील दिलेली नसते. कव्हरमध्ये जाडी सामावायची असेल तर त्याची लांबी कुठून तरी आणली पाहिजे. त्यासाठी मागं, बऱ्याच अंतरावर, आधी एक सरकगाठ मारायची. ती गाठ खिळ्याला किंवा खांबाला अडकवायची, आणि गाठीपासून डोळ्याकडं कव्हर हातानं सारत आणायचं. म्हशीची धार काढताना मूठ जशी आवळत खाली सरते, अगदी तशी. एकदा नाही, वीस-तीस वेळा. प्रत्येक वेळी थोडी ढील पुढं येते आणि गळा आपोआप आत सरकतो. इथं लोक हातोडी घेतात. लाकडी मोगरीनं हलकं थोपटलं तर धागे जागेवर बसतात, पण आत न जाणारं शेपूट ठोकून आत जात नाही, ते आत दुमडतं. तुमच्या फुगवट्याचं कारण बहुधा हेच.

डबल ब्रेडबद्दल थोडक्यात, कारण फांद्या उतरवायला तोच दोर पुढं तुमच्याकडे येईल. त्याचं माप ‘फिड’मध्ये, म्हणजे शेपूट ओवायच्या नळीच्या लांबीत, मोजतात. एक फिड म्हणजे दोराच्या व्यासाच्या साधारण २१ पट. १२ मिलीमीटरच्या दोराला २५ सेंटीमीटर धरा. सरकगाठ पाच फिड मागं, म्हणजे सव्वा मीटरवर. तिथं कव्हर आणि कोअर एकमेकांत जातात, ज्या जागी ते ओलांडतात ती जागा नीट जुळली पाहिजे. सगळ्या खुणा आधी कराव्या लागतात, मध्येच माप घेऊन चालत नाही. सोळा पेडीपेक्षा हे अवघड आहे. वापरलेल्या दोरावर तर आणखीच, कारण जुना दोर आवळून बसलेला असतो, त्यात मळ आणि भुसा गेलेला असतो. धुऊन, पाण्यात भिजवून घेतला तर थोडा सैल होतो, पण शिकायला नवाच दोर घ्या.

कर्नमँटलला आणि घर्षणगाठीच्या दोरीला हात लावू नका. जिच्यावर चढता-उतरता ती दोन डोळ्यांची आखूड दोरी कारखान्यात मशीनवर शिवलेलीच घ्या. तिच्यावर तुमचं सगळं वजन असतं, ती सतत घासते, तापते. म्हणून तिच्यात उष्णता सोसणारा धागा लागतो. डायनीमा साधारण १५० अंशांच्या आसपास वितळतो, पॉलिएस्टर अडीचशेच्या वर. मजबूत म्हणून डायनीमाची प्रूसिक, म्हणजे अशीच घर्षणगाठीची दोरी, करणारे मी बघितलेत. तो मजबूत आहे, पण घर्षणासाठी नाही.

हत्यारांचं म्हणाल तर तुमचं हत्यार बहुधा चुकलेलं नव्हतं. फिड विकत मिळाली तर ठीक, नाहीतर शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची पोकळ नळी एका टोकाला निमुळती करून घ्या. फक्त पॉलिश चांगलं करायला सांगा आणि घेताना तिच्यावरून पायमोजा फिरवून बघा. मोजाचा धागा अडकला तर दोराचाही अडकणार. बारीक दोरांना सायकलची तार दुमडून केलेला आकडा उत्तम चालतो. टाक्यांसाठी पोत्याचा दाभण पुरतो. दोरा मात्र चपला शिवायचा सुती मेणाचा घेऊ नका, तो पावसात कुजतो. पॉलिएस्टरचा जाड दोरा घ्या. बाकी धारदार कात्री, इन्सुलेशन टेप, मापपट्टी, बारीक मार्कर. एवढंच.

आतापर्यंतचं एकदा जुळवून घेऊ. भार कुणावर आहे ते ओळखायचं, त्या कंपनीची सूचना त्या दोरालाच लावायची, तिपेडीकडून पोकळ विणीकडं आणि मग सोळा पेडीकडं जायचं, आणि पहिली कामं चिरून आत बघायचं. हे झालं की मग प्रश्न येतो विश्वासाचा.

माझा नियम असा. कुठल्याही प्रकारचे स्प्लाइस आधी फांद्या उतरवायच्या कामावर, तेही हलक्या फांद्यांवर, एक पूर्ण हंगाम वापरायचे. फांदी पडली तर नुकसान होतं, पण खाली माणूस नसेल तर जीव जात नाही. मग अनुभवी माणसाला माप घेताना, टोक कापताना समोर बसवायचं, नुसतं तयार काम दाखवायचं नाही, कारण तयार कामात त्यालाही आतलं दिसत नाही. मग जमिनीपासून हातभर उंचीवर दोघांनी मिळून लटकायचं, झोके घ्यायचे, रेघ हलली का बघायचं. मी स्वतः माझ्या स्प्लाइसवर चढायला तिसऱ्या वर्षी सुरुवात केली. कुणाला वर्षभर पुरेल, कुणाला पाच वर्षं लागतील. किती वेळा हात बसलाय आणि शेजारी चूक दाखवणारं कोण आहे, यावर ते आहे.

ट्रॅक्टर लावून ओढून बघू, असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. नायलॉन ताणला की रबरासारखा जोर साठवतो, आणि तुटला की दोराच्या रेषेत उभ्या माणसावर तो जोर येतो. खरी तपासणी करायची असेल तर अभियांत्रिकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन असतं, तिथं विनंती करून नमुन्याचे तुकडे तोडून घेता येतात. पण त्याचे जबडे सळईसाठी असतात, दोराला गोल पिना बसवाव्या लागतात, आणि दोर लांबतो तितकी हालचाल मशीनला पुरायला हवी. आणि तुटलेला तुकडा त्या तुकड्याबद्दलच सांगतो. ज्याच्यावर तुम्ही चढणार तो दुसराच आहे. म्हणून प्रत्येक स्प्लाइसची वहीत नोंद ठेवा: तारीख, दोर, माप, डोळ्याची लांबी. डोळाही फार लहान करू नका. ज्याच्यात तो अडकणार त्याच्या जाडीच्या निदान तिप्पट लांबीचा असू द्या, नाहीतर गळा फाकतो.

रोज चढण्याआधी डोळा बोटांनी दाबत गळ्यापासून शेपूट संपेपर्यंत जायचं. आत मऊ खड्डा लागला, टाका तुटलेला दिसला, कव्हरवर चकाकी आली म्हणजे धागा वितळलाय, तर दोर बाजूला. नायलॉनला आम्लाची भीती असते, त्यामुळं टेम्पोत बॅटरीशेजारी दोर टाकू नका. जुलैच्या पावसात ओला नायलॉन दहा ते पंधरा टक्के कमजोर होतो, हेही ध्यानात ठेवा. दोर सावलीत वाळवा, उन्हात पसरू नका. आणि उंदरांपासून जपा. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको.

शिकवणारं कोण? कोल्हापुरात झाडकामाचे स्प्लाइस शिकवणारा वर्ग मला माहीत नाही. पण तिपेडी शिकायचं असेल तर आंबा घाट उतरून रत्नागिरीला मिरकरवाड्यात जा. सकाळचे मासे उतरवून झाले की खलाशी जाळी आणि दोर दुरुस्त करत बसलेले असतात. माणसं प्रेमळ आहेत, शेजारी बसू देतात. मी तिथं तीन दिवस काढले होते. त्यांचे दोर वेगळे, काम वेगळं, पण त्यांच्या हातातला सारखेपणा बघण्यासारखा असतो. मर्चंट नेव्हीत असलेला कुणी सुट्टीवर गावी आला असेल तर त्यालाही विचारा. विणलेल्या दोरांचं मात्र त्यांच्याकडून तुम्हाला सगळं मिळणार नाही, ते कंपनीच्या कागदावरून आणि हातानं करूनच शिकावं लागेल.

आणि तो कापलेला तुकडा टाकू नका. फुगवट्यापासून दोन्ही बाजूंना बोटभर सोडून ब्लेडनं फक्त वरचं कव्हर हळू चिरा. शेपूट कुठं दुमडलंय, कोअर किती उरलाय, निमुळतं केलेलं टोक कुठं गोळा झालंय, सगळं दिसेल. बघून झालं की मापं वहीत लिहा, आणि दोराच्या नव्या टोकाला स्कॅफोल्ड नॉट मारून उद्या कामाला लागा.